मेव्हणीचा निरोप

कारखान्याची पांढरी गाडी बांधाच्या तोंडाशी येऊन थांबली, तेव्हा वस्ताद थोंगदाम गुडघाभर चिखलात वाकून भाताची रोपं लावत होता आणि त्याच्या पोटरीला जळू लागलेली होती. गाडी दिसली तसा तो जळू विसरला. जळवेचं काय, पोटभर पिते आणि आपणहून गळून पडते. कारखान्याचं तसं नव्हतं.

"आला बघ मेला," तो बायकोला म्हणाला.

"कोण?" बुआलाईनं मान वर केली नाही. तिची ओळ संपत आली होती.

"तो वान्नसाक. चिखलात येतोय आणि बूट घालून येतोय."

वान्नसाक हा शहराकडच्या सिमेंट कारखान्याचा माणूस. कारखान्याची शर्यतीची नाव होती, आणि गावोगावचे वल्हेकरी हेरून तिच्यात नेऊन बसवायचे, हीच त्याची नोकरी. परवाच्या साली त्यानं ह्याच हाटसाय गावच्या नावेतले मधल्या फळीवरचे दोघे भाऊ उचलले. गेल्या साली आणखी तिघे गेले, वर ढोलवाला गेला. नोकरी, राहायला खोली आणि कारखान्याचं नाव छापलेला बनियन, एवढ्यावर पोरं पाघळायची. थोंगदामनं त्यांना वाळूत पळवायचं, नदीत गटांगळ्या खायला लावायच्या, वल्हं कुठल्या बोटानं धरायचं इथपासून शिकवायचं. आणि पोराच्या खांद्याला जरा गोलाई आली की ही गाडी दारात उभी. "मी काय ह्यांच्यासाठी रोपवाटिका काढलीय?" असं तो भेटेल त्याला विचारायचा. ज्यांना विचारायचा त्यांचीही पोरं कारखान्यात होती, त्यामुळे ती माणसं विडी पेटवायची आणि विषय बदलायची.

आता उरला होता लित. बुआलाईच्या मेलेल्या बहिणीचा पोरगा, ह्याच घरात वाढलेला. नावेच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला बसून पहिलं वल्हं तो मारायचा आणि मागच्या सगळ्यांनी त्याच्या पाठीकडं बघून हात चालवायचे. लित नसेल तर मागचे सगळे म्हणजे डबक्यात शिरलेल्या म्हशी. औंदा लित गेला, तर हाटसायची नाव पाण्यात उतरणार नव्हती, हे गावातल्या कोंबड्यांनाही माहीत होतं.

वान्नसाक बांधावरून आला आणि लितच्या वाफ्यापाशी त्याचा एक पाय घोट्यापर्यंत रुतला.

"काय वस्ताद, तब्येत काय म्हणते?"

"तुम्ही येईपर्यंत बरी होती."

"लित, तुला सांगायला आलो होतो. जागा आहे. खोलीवर पंखा आहे. घरचा भात खायला दर सणाला सोडू."

लित हातात रोपांची पेंढी धरून उभा राहिला. त्यानं वान्नसाककडं बघितलं, काकाकडं बघितलं आणि पुन्हा खाली वाकला.

"बघतो," म्हणाला.

तो ‘बघतो’ थोंगदामच्या घशात माशाचा काटा अडकावा तसा अडकला. जेवताना जाईना, झोपताना जाईना. नाही म्हणाला असता तर बरं होतं. हो म्हणाला असता तर निदान दोन शिव्या तरी देता आल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला तिघं टोपलीभोवती बसली. थोंगदामनं चिकट भाताचा गोळा वळला, तो मिरचीच्या चटणीत बुडवला, आणि तोंडात घालायच्या ऐवजी हातात धरूनच म्हणाला, "तुझी बहीण आली होती."

बुआलाईचा हात टोपलीतच थांबला. "चान?"

"स्वप्नात. पहाटे."

"चान आली? तुमच्या स्वप्नात?"

तिचं आश्चर्य रास्त होतं. चानच्या लग्नात नवरदेवाच्या मनगटाला दोरे बांधायचं चाललं होतं, म्हातारी माणसं आशीर्वाद पुटपुटत होती, आणि त्याच घटकेला थोंगदाम आत शिरून म्हणाला होता, "ह्याला जरा सरावाला नेतो, लगेच आणतो." नवरदेव नाळेवर बसायचा. परत आणला तो दिवस मावळता, ओलाचिंब, आणि तोवर वऱ्हाड जेवून गेलं होतं. तेव्हापासून चान थोंगदामशी बोलली नाही. समोर आला तर पाठ करून बसायची. मरेपर्यंत तिनं हे व्रत मोडलं नाही.

"मेल्यावर माणूस राग सोडतं," थोंगदाम म्हणाला. "रडत होती. म्हणे, सगळ्या बाया लेकाच्या चीवराचं टोक धरून वर स्वर्गात चालल्यात, मी एकटी खाली उभी आहे. लितनं ह्या वर्षावासाला भिक्खू व्हावं म्हणे."

बुआलाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. लित भात चावत राहिला. चावणं संपलं, पाणी प्याला, मग म्हणाला, "बरं."

झालं! पौर्णिमेच्या आदल्या दिवशी लितचं डोकं तासलं. बुआलाईनं त्याचे केस कमळाच्या पानात झेलले, आणि बघता बघता नाळेवरचं पहिलं वल्हं विहाराच्या ओसरीवर पिवळं चीवर पांघरून बसलं. थोंगदामच्या आनंदाला पारावार राहिला नाही. भिक्खूला कोण नोकरीवर ठेवणार? पावसाळाभर त्याला विहार सोडून दुसरीकडं रात्र काढता यायची नाही. आणि शर्यत कधी? वर्षावास सुटला की दुसऱ्या दिवशी! सकाळी चीवर उतरवायचं, दुपारी वल्हं धरायचं. असलं डोकं कारखान्याच्या साहेबाला तरी आहे का, असं म्हणत तो आठवडाभर गावात छाती काढून फिरला.

एक गोष्ट मात्र त्याच्या ध्यानात आली नव्हती. लित आता त्याच्यापेक्षा वर बसणार होता.

पहिल्याच दिवशी तो विहारात गेला आणि सवयीनं ओरडला, "ए ढोल्या, खांदे बघू!"

ओसरीवर बसलेल्या मोठ्या भंत्यांनी पोथीतून डोळे वर केले. मोठे भंते म्हणजे विहाराचे प्रमुख, आणि नाव विहाराच्याच मांडवात ठेवलेली असल्यानं एका अर्थानं नावेच्या मंडळाचेही प्रमुख. त्यांनी नुसती भुवई उचलली. थोंगदाम गुडघ्यावर बसला, हात जोडले आणि जमिनीकडं बघत म्हणाला, "भंते, आपले खांदे... म्हणजे, खांदे बरे आहेत ना?"

"बरे आहेत," लित वरून म्हणाला. त्याचा चेहरा अगदी शांत होता.

"आणि पोट?"

पोटाचंच अवघड होतं. आईविना वाढलेलं पोरगं भिक्षेला निघालंय म्हटल्यावर गावातल्या बायांना पान्हा फुटला होता. बाकीच्या भिक्खूंच्या पात्रात चिमूटभर भात पडायचा, लितच्या पात्रात गोळेच्या गोळे. मागून केळीच्या पानातले मासे, डुकराचं तळलेलं कातडं, नारळाचे गोड लाडू. दुपारनंतर खायचं नाही, म्हणून दुपारच्या आत सगळं संपवायचं. महिन्याभरात चीवराच्या आतून पोट पुढं आलेलं लांबून दिसायला लागलं. थोंगदाम रोज पहाटे रस्त्याकडेला उभा राहून बायांना खुणा करायचा, कमी घाला, कमी घाला. बाया त्याच्याकडं असं बघायच्या, की हा माणूस मेल्यावर कुठल्या नरकात जाणार ते त्यांना आताच दिसतंय.

सराव हवा होता. निदान वल्हं तरी हातात हवं. थोंगदाम मोठ्या भंत्यांकडं केळ्यांचा घड घेऊन गेला.

"नुसतं मांडवात बसून हात चालवू दे त्याला. नाव पाण्यात नको."

"नावेत कोण राहतं?" भंत्यांनी विचारलं.

"देवी राहते."

"देवी म्हणजे बाई ना?"

"बाईच की."

"मग भिक्खूनं बाईच्या मांडीवर बसायचं म्हणतोस?"

नाळेवर थोंगदामनं स्वतःच्या हातानं फुलांच्या माळा आणि रंगीत ओढण्या बांधल्या होत्या. दरवर्षी तिच्यासाठी आरसा आणि कंगवाही ठेवला होता. आता ती बाई नाही असं कुठल्या तोंडानं सांगणार?

मग चान परत स्वप्नात आली. येणं भागच होतं. ह्या खेपेला ती म्हणाली, विहाराची विहीर गाळानं भरलीय, माझ्या लेकाच्या हातून ती उपसली गेली तर मला फार पुण्य लागेल. थोंगदामचा हिशेब सरळ होता. दोरानं चिखलाची बादली ओढायची म्हणजे खांदा, पाठ, कंबर, सगळं वल्ह्यासारखंच चालतं.

"उत्तम विचार," मोठे भंते म्हणाले. "फक्त भिक्खूनं माती खणायची नसते. किडामुंगी मरते. तो वरून ओढेल. खाली तू उतर."

असा वस्ताद थोंगदाम भर पावसाळ्यात लंगोट लावून विहिरीत उतरला. खाली मांडीपर्यंत काळा गाळ, बेडूक, आणि कुणाच्या तरी आजीच्या काळातल्या फुटक्या घागरी. फावड्यानं बादली भरायची आणि वर बघून हाळी द्यायची. वर आभाळाचा गोल तुकडा, आणि त्या तुकड्यात लितचं गुळगुळीत डोकं.

"हुय! ओढ! हुय! अरे, कंबरेतनं ओढ गाढवा, नुसते हात काय..."

"वस्ताद," मोठ्या भंत्यांचा आवाज आला.

"कंबरेतनं ओढावं, भंते," विहिरीतून नम्र आवाज आला. "गाढव बेडकाला म्हटलं."

बादली हिंदकळली आणि त्यातला निम्मा गाळ वस्तादाच्या टाळक्यावर पडला. दोर निसटला की सोडला, हे त्याला खालून दिसलं नाही. पण ओसरीवरचे बालभिक्खू तोंडात चीवर कोंबून हसत होते, ते ऐकू आलं. विहीर उपसायला पंधरवडा गेला. लितचे खांदे पुन्हा भरले. थोंगदामची कंबर धरली ती धरलीच, आणि भात निंदायला बुआलाई एकटी जाऊ लागली.

वान्नसाकही गप्प बसणारा नव्हता. भिक्खूला नोकरी देता येत नाही, पण दान तर देता येतं! तो दर अष्टमीला आणि पौर्णिमेला दुधाचे डबे, साबण आणि मेणबत्त्या घेऊन यायचा. दान देणाऱ्याला विहारातून कोण हाकलणार? पण मोठे भंतेही मोठे वस्ताद. लितपाशी जाण्याआधी ते वान्नसाकला समोर पाय मुडपून बसवायचे आणि तृष्णेवर प्रवचन सुरू करायचे. प्रवचन संपेतो वान्नसाकच्या पायांना मुंग्या येऊन तो उठताना भिंत धरायचा, आणि लितची ध्यानाची वेळ झालेली असायची. शेवटी शेवटी तो मुकाट्यानं प्रवचनालाच यायचा. एकदा तर त्याचे डोळे पाणावलेले थोंगदामनं पाहिले, आणि त्याला उगीचच भीती वाटली.

खरी पंचाईत घरात होती. बुआलाई रोज सकाळी टोपली पुढं ओढून विचारायची, "आली होती?"

पहिल्यांदा थोंगदामनं ‘नाही’ म्हणून बघितलं. तिचं तोंड एवढंसं झालं. मग तो म्हणू लागला, आली होती ओझरती. बरी दिसत होती. हसली. बुआलाई विचारायची, काय नेसली होती? निळं सिन, कमरेला गुंडाळलेलं, तो ठोकून द्यायचा. केस बांधलेले की मोकळे? बांधलेले. जेवली असेल का हो? जेवली म्हणे, पण लेकाला मांस जरा जास्त आणि लाडू कमी द्या म्हणाली. बुआलाई ते सगळं जपून ऐकायची. तिनं जुनं माप काढून निळ्या रेशमाचं नवं सिन विणायला घेतलं, बहिणीच्या नावानं विहारात द्यायला. संध्याकाळी निंदून आल्यावर, पाठ मोडलेली असताना, ती मागासमोर बसायची आणि खटक खटक आवाज येत राहायचा. त्या आवाजानं थोंगदामला जेवण गोड लागेना. बाई सुखात होती, नवऱ्याशी इतकं गोड ती वर्षानुवर्षं बोलली नव्हती, आणि ते सगळं त्याच्या थापेवर उभं होतं.

भात पोटरीला आलं, पाऊस ओसरला. वर्षावास सुटायच्या दिवशी थोंगदाम दुपारीच विहारात गेला. वल्ह्याला तेल लावून झालं होतं, नाव मांडवातून काठावर आली होती. तो लितपुढं गुडघ्यावर बसला.

"भंते, उद्या सकाळी चीवर उतरवायचं ना?"

लितनं चीवर खांद्यावर सारखं केलं. "आईला विचारा," तो म्हणाला.

"काय?"

"तिच्यासाठीच घेतलंय ना? मग पुरे झालं की आणखी हवंय, तिलाच विचारा. ती तुमच्याकडं येते. पहाटे काय म्हणाली ते सांगा, तसं करू."

तसं बघितलं तर सोपं होतं. पुरे म्हणाली, एवढंच सांगायचं. इतक्या थापा मारल्या, त्यात आणखी एक.

पहाटे सगळं गाव विहारात जमलं. वल्हेकरी लाल बनियन घालून आले होते. मोठे भंते आसनावर, लित त्यांच्या शेजारी. बुआलाई पहिल्या रांगेत बसली होती. तिच्या एका हातात भाताची टोपली होती आणि मांडीवर घडी केलेलं निळं सिन.

"बोला वस्ताद," मोठे भंते म्हणाले. "काय निरोप आहे?"

थोंगदामनं हात जोडले. "चान आली," तो म्हणाला, "आणि म्हणाली..."

त्याची नजर बुआलाईवर गेली. ती थोडी पुढं झुकली होती. तोंड किंचित उघडं होतं, बहिणीचा शब्द सांडू नये म्हणून जणू.

"नाही आली," तो म्हणाला.

"आज नाही आली?"

"कधीच नाही आली. एकदाही नाही. मी थाप मारली. पोरगं कारखान्यात जाईल म्हणून थाप मारली."

मग बुआलाई उठली. तिनं टोपलीचं बांबूचं झाकण काढलं आणि नवऱ्याच्या डोक्यात हाणलं. एकदा निळ्या सिनसाठी, एकदा लाडवांसाठी, मग कशासाठी ते विचारायच्या पलीकडं. मोठे भंते छताकडं बघत राहिले. बाई दमली आणि खाली बसून रडायला लागली, तेव्हा कुठं हात थांबला.

"मावशी," लित म्हणाला. "मला ठाऊक होतं गं."

"तुला काय ठाऊक होतं?"

"आई जिवंतपणी ह्यांच्याकडं तोंड करून बसली नाही. ती मेल्यावर ह्यांच्या स्वप्नात येऊन गप्पा मारेल? आणि तेही लाडवांच्या?"

मागं कुणीतरी खुदकन हसलं.

"मग डोकं कशाला तासलंस रे?" थोंगदामनं विचारलं.

"आईसाठीच. थाप तुमची होती, पण चीवर खरं होतं ना. आणि दुसरं म्हणजे," लित म्हणाला, "एकीकडून वान्नसाक ओढतोय, एकीकडून तुम्ही. म्हटलं, जरा बसू दे मला कुठंतरी."

आयुष्यभर थोंगदामनं पोरांना ‘बस’ म्हटलं की पोरं बसली, ‘ओढ’ म्हटलं की ओढली. नवरदेवाला त्यानं विचारलं नव्हतं. गेलेल्या पोरांपैकी कुणालाही विचारलं नव्हतं. तो तसाच गुडघ्यावर पुढं सरकला, कंबरेतून कळ आली, आणि त्यानं डोकं जमिनीला टेकवलं.

"लित," तो म्हणाला, भंते म्हणायचं विसरूनच. "तू बसशील का नावेत? नाही म्हणालास तरी चालेल. कारखान्यात जायचं तर जा. मीच गाडीत बसवून देतो."

लितनं स्वतःच्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला.

"हे लावणीच्या वेळीच विचारलं असतंत काका," तो म्हणाला, "तर माझे केस वाचले असते."

सकाळी लितनं चीवर उतरवलं, दुपारी वल्हं धरलं, आणि शर्यत हाटसाय हरलं. मात्र कशी हरलं ते ऐकण्यासारखं आहे. शेवटच्या फेरीला समोर कारखान्याचीच नाव आली, आणि सुकाणू धरून मागं उभ्या राहिलेल्या थोंगदामला शेजारच्या पाण्यातून स्वतःचीच हाळी ऐकू आली. तोच ‘हुय’, तीच कंबरेतली ओढ, वल्हं उचलताना मनगटाला दिलेली तीच गिरकी. सगळी त्यानंच घडवलेली पोरं! दोन्ही नावा एकाच माणसाच्या दोन हातांसारख्या चालल्या होत्या. अर्ध्या अंतरात तो शिव्या कुणाला द्यायच्या तेच विसरला आणि दोन्हीकडं ओरडत सुटला. लितनं जीव तोडून ओढलं. नावा बरोबरीनंच पोचल्या, पण कारखान्यानं औंदा नाळेवर लांब मानेचा लाकडी नाग बसवला होता. ती मान शेवटच्या दोरीला आधी लागली.

"मानेनं हरलो! सुतारानं हरवलं आम्हाला!" म्हणून हाटसायची माणसं पंचांच्या मांडवात घुसली. तिकडं कारखान्याच्या नावेतली पोरं ओलीचिंब उतरून आली आणि एकेकानं वस्तादापुढं हात जोडले. जुना ढोलवाला तर गळ्यातच पडला.

तेवढ्यात वान्नसाक आला. आज त्याच्या पायात बूट नव्हते.

"लित?" त्यानं विचारलं.

"मावशीचं भात कापायचंय," लित म्हणाला. "तिनं एकटीनं निंदलंय. काकांची कंबर विहिरीत राहिली."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतरचं मी बघतो. पण वल्हं इथंच मारीन."

वान्नसाकनं मान हलवली. त्याला फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही. मग तो थोंगदामकडं वळला. "साहेबांनी मघाशी बघितलं वस्ताद. म्हणाले, पोरं एकेक करून कशाला आणतोस, झाडच आण. तुम्हाला बोलावलंय. खोली मोठी आहे. पंखे दोन."

थोंगदामनं तोंड उघडलं, पण बुआलाई मधे आली. सकाळपासून ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"आमच्यात असले निर्णय माझी बहीण घेते," ती वान्नसाकला म्हणाली. "ह्यांच्या स्वप्नात आली की कळवू."

कापणी लागली. घरची दोन खाचरं बुआलाईनं आणि लितनं कापली, थोंगदाम पेंढ्या बांधायला बांधावर बसून राहिला. घरात सगळे व्यवहार लितमार्फत चालले होते. ‘त्यांना विचार, पाणी हवंय का?’ ‘मावशीला सांग, हवंय.’ एका दुपारी जेवणानंतर तो पेंढ्यांच्या सावलीला आडवा झाला, डोळा लागला, आणि दचकून उठला तो घामानं निथळत.

बुआलाई टोपलीचं झाकण लावत होती.

"चान आली होती," तो म्हणाला.

लितचा विळा थांबला. बुआलाईनं झाकण हातात तोललं.

"परत?"

"खरंच आली गं. बांधावर बसली होती. मुठीत काहीतरी पिवळं होतं, घट्ट धरलेलं."

"काय म्हणाली?" बुआलाईनं विचारलं. हात वर गेलेलाच होता.

"काही नाही," थोंगदाम कावराबावरा होऊन म्हणाला. "मी हाका मारल्या. पाठ करून बसली होती. शेवटपर्यंत वळली नाही बघ."

बुआलाईचा हात हळूहळू खाली आला. तिनं झाकण बाजूला ठेवलं, टोपलीतला उरलेला भात हातानं वळला आणि पहिल्यांदाच, लितला मधे न घालता, तो नवऱ्यापुढं धरला.